जमिनीवरची घरटी आणि आपली नवी घरं



ब्रॅकनेल, वोकिंग किंवा फ्लीटच्या आसपास नव्या वसाहतीत घर घेतलं, की बऱ्याचदा जवळच एक मोठं मोकळं कुरण दिसतं. गाड्या लावायला जागा असते आणि फिरून पुन्हा तिथेच येणारी दोन-अडीच किलोमीटरची पायवाट असते. कुत्रा मोकळा सोडायलाही परवानगी असते. बिल्डरनं हौसेनं दिलंय असं आपल्याला वाटतं. खरं तर ते दिलंय तीन पक्ष्यांसाठी, आणि गंमत म्हणजे ते पक्षी तिथे राहतच नाहीत!

ते राहतात थोड्या अंतरावरच्या हीथवर. हीथ म्हणजे रेताड, निकस जमिनीवरचं माळरान. त्यावर हेदरची जांभळी झुडपं आणि गॉर्सची काटेरी, पिवळ्या फुलांची झाडी. इंग्लंडमधली अशी बहुतेक माळरानं गेल्या दोनशे वर्षांत नाहीशी झाली. सरे, हॅम्पशर आणि बर्कशरमध्ये उरलेल्या तुकड्यांना २००५ साली 'थेम्स बेसिन हीथ्स' या नावानं खास संरक्षण मिळालं.

इथले ते तीन पक्षी म्हणजे नाइटजार, वुडलार्क आणि डार्टफर्ड वॉर्बलर. नाइटजार म्हणजे आपल्या रातव्याचा भाऊबंद. तो आफ्रिकेतून मे महिन्यात येतो आणि थेट जमिनीवर अंडी घालतो. वुडलार्क आपल्या चंडोलाच्या कुळातला, त्याचंही घरटं जमिनीवरच. डार्टफर्ड वॉर्बलर छोटासा, झुडपात अगदी खाली घरटं करणारा. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर त्याच्या साऱ्या ब्रिटनमध्ये जेमतेम दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या.

कुत्रा झुडपात शिरला की पक्षी उडतो. अंडी गार पडतात, नाहीतर कावळा ती पळवतो. कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं, पण असं दिवसातून दहा वेळा झालं तर पिलं जगणार कशी?

म्हणून नियोजनकारांनी साधं गणित मांडलं. हीथपासून ४०० मीटरच्या आत सहसा नवं घर नाही. ४०० मीटर ते पाच किलोमीटरच्या पट्ट्यात घरं बांधा, पण दर हजार रहिवाशांमागे किमान आठ हेक्टर दुसरी हिरवी जागा द्या. प्लॅनिंगच्या कागदांत तिला 'सँग' म्हणतात. शिवाय हीथवर लोकांना समजावून सांगणाऱ्या वॉर्डनसाठी पैसे भरा. हे ठरेपर्यंत या भागातल्या अनेक घरांच्या परवानग्या अडकल्या होत्या. २००९ साली स्थानिक कौन्सिलांनी मिळून आराखडा मान्य केला, तेव्हा वाट मोकळी झाली.

आता सोलापूरकडचं नान्नज आठवा. १९७९ साली तिथे माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं. नकाशावरच्या रेषेत हजारो चौरस किलोमीटर आले, त्यात गावं आली, शेतं आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, लोक नाराज झाले आणि पुढे ते क्षेत्र खूपच कमी करावं लागलं. दरम्यान माळाच्या जागी ऊस आणि द्राक्षबागा वाढल्या. आज तिथे माळढोक दिसणं म्हणजे नशीबच. पक्ष्याला जागा राखून ठेवायची, तर माणसालाही त्याची जागा द्यावी लागते. इथला आराखडा नेमका तोच प्रयत्न करतो.

पण आराखडा कागदावर कितीही नेटका असला, तरी तो चालतो आपल्या पायांवर. सँग बांधून तयार आहे आणि आपण मात्र कुत्रा घेऊन हीथवरच गेलो, तर सगळं मुसळ केरात.

म्हणून एवढं करू या. मार्च ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कुत्र्याला मोकळं पळवायचं असेल तर सँगवर न्यायचं. हीथवर गेलोच, तर पायवाट सोडायची नाही आणि कुत्रा दोरीवर ठेवायचा. खुल्या प्रवेशाच्या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै हा तर कायदाच आहे. रातव्याची पिलं ऑगस्टमध्येही असू शकतात, म्हणून पुढचे दीड महिने आपल्या समजुतीचे. आणि बार्बेक्यू तिथे नकोच. २०११ च्या मे महिन्यात क्राउथॉर्नजवळ स्विनली फॉरेस्टला लागलेली आग विझवायला कित्येक दिवस लागले होते. वाळलेलं हेदर भडकलं, की जमिनीवरच्या पिलांना पळायला वाट नसते.

मुलांना मात्र हीथ जरूर दाखवा. जूनमध्ये सूर्य मावळल्यावर चॉबम कॉमनच्या वाटेवर शांत उभे राहा. चरखा फिरावा तशी एकसुरी घरघर ऐकू आली, तर तो रातवा. आपली नवी घरं उभी राहिली, तरी त्याचं घर अजून शाबूत आहे.