गाडी वाटायची की सीट?

पुण्यात बाबांची कार सराईतपणे चालवणारा मुलगा शिकायला दुबईला जातो आणि तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्याच तासाला चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. स्टिअरिंग डावीकडे असतं. वळायचं म्हणून तो सवयीने उजव्या हाताची दांडी ओढतो, तर कोरड्या काचेवर वायपर खरखरायला लागतात. शेजारचा शिक्षक काही बोलत नाही. त्याला हे रोजचं असतं.

भारतीय लायसन्स खिशात असूनही ही शाळा का? कारण निवासी व्हिसा लागला की ते तिथे चालत नाही. युरोप-अमेरिकेतल्या अनेक देशांचं लायसन्स बदलून मिळतं, आपलं मिळत नाही. डोळ्यांची तपासणी, लेखी परीक्षा, पार्किंगची परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा असं सगळं करता करता काही हजार दिरहम जातात, आणि नापास झालं तर पुन्हा पैसे. 29 मार्च 2025 पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्याने लायसन्सचं किमान वय 18 वरून 17 वर आणलं. त्याने वय कमी झालं, खर्च नाही. कॉलेजच्या पोरांनी गाडी वाटून वापरावी, असं म्हणणाऱ्यांनी सुरुवात इथून करायला हवी. ॲपवरून मिनिटांच्या भाड्याने मिळणारी गाडी लायसन्स असलेल्यांसाठीच असते.

ॲपमधली गाडी दुबईत आली 2017 च्या सुरुवातीला. दुबईच्या सरकारी वाहतूक प्राधिकरणाने, म्हणजे आरटीएने, ईकार आणि यूड्राइव्ह या दोन कंपन्यांना परवानगी दिली आणि शहरभर मिळून 200 गाड्या उभ्या राहिल्या. फोनवर जवळची गाडी शोधायची, चालत तिच्यापर्यंत जायचं, आधीचे पोचे-ओरखडे कुठे आहेत ते भोवती फिरून पाहायचं आणि बटण दाबलं की दार उघडतं. पेट्रोल, विमा, सार्वजनिक पार्किंग हे सगळं मिनिटाच्या दरात धरलेलं. उन्हाळ्यात मात्र एक गोष्ट दरपत्रकात नसते. पंचेचाळीस अंशांत तासभर उभी राहिलेली गाडी उघडली की स्टिअरिंगला हात लावायच्या आधी दोन मिनिटं एसी लावून बाहेरच उभं राहावं लागतं, आणि ती दोन मिनिटंही मोजली जातात.

मिनिटाचा हिशेब रिकाम्या रस्त्यावर गोड वाटतो. संध्याकाळी शारजाच्या दिशेने गाड्या तुंबल्या की तोच हिशेब अंगावर येतो. त्यात सालिकचा टोल. तो 2007 साली सुरू झाला तेव्हा सरसकट 4 दिरहम होता. 31 जानेवारी 2025 पासून गर्दीच्या वेळी 6 दिरहम. शिवाय वेगाचे कॅमेरे. दुबईत मर्यादेच्या वर ताशी 20 किलोमीटरची सूट असते, अबू धाबीने ती 2018 मध्ये काढून टाकली. एकाच हमरस्त्यावरून अबू धाबीच्या हद्दीत शिरलेल्या मुलाला हे पुष्कळदा दंडाचा मेसेज आल्यावर कळतं, आणि गाडी कंपनीची असली तरी दंड चालवणाऱ्याचा. चौघांनी भाडं वाटून घेतलं असेल, पण दंडाच्या वेळी तिघे खिडकीबाहेर बघत असतात!

म्हणून विद्यार्थ्यांत खरी चालते ती वेगळीच गोष्ट. आखातात तिला ‘कार लिफ्ट’ म्हणतात. दुबईत करामा किंवा अल नहदाच्या बसथांब्यावर, किराणा दुकानाच्या काचेवर चिठ्ठ्या दिसतात: अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी, सकाळी सातला, महिन्याला इतके. म्हणजे आपल्या सांगली-कोल्हापूरकडचं वडापच, फक्त एसी लावलेलं आणि महिन्याच्या बोलीवर. गाडी एकाची, सीट पाचांच्या. लायसन्स एकाकडे असलं की पुरतं.

अडचण एवढीच की पैसे घेऊन परवान्याशिवाय माणसं नेणं हा तिथे गुन्हा आहे. दंड 3,000 दिरहम, महिनाभर गाडी जप्त आणि 24 काळे गुण. लायसन्स निलंबित व्हायला तेवढे गुण पुरतात. सरकारने सीट वाटण्याला दारच ठेवलं नाही, असंही नाही. आरटीएने 2008 मध्येच ‘शारेकनी’ नावाची नोंदणी सुरू केली होती. ‘माझ्यासोबत वाटून घ्या’ असा त्या अरबी शब्दाचा अर्थ. नोंदणी करून, भाडं न आकारता एकत्र जावं, अशी कल्पना. पण चिठ्ठ्या काही दुकानांच्या काचांवरून हलल्या नाहीत.

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या गाडीचं हे कोडं निराळ्या तऱ्हेने सुटलं. 2000 साली केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे रॉबिन चेस आणि आंत्ये डॅनियलसन यांनी झिपकार काढली. नेहमीच्या भाड्याच्या कंपन्या विशीच्या आतल्या पोरांना उभंही करत नसत. झिपकारने विद्यापीठांशी करार करून 18 वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही गाड्या दिल्या. विद्यापीठांनी काय दिलं? आवारातल्या पार्किंगच्या राखीव जागा. गाडी वसतिगृहाच्या दारात असल्यावर ‘जवळची गाडी कुठे’ हा प्रश्नच उरला नाही. अमिरातींत ॲप आहे, पैसा आहे, रस्तेही आहेत. खरी गरज कॉलेजच्या फाटकाच्या आत चार रंगवलेल्या चौकोनांची आहे, आणि ती ॲपवाल्यांनी नव्हे, कॉलेजांनी भागवायची आहे. लायसन्स नसलेल्यांना मात्र ते चौकोनही उपयोगाचे नाहीत. त्यांच्यासाठी सीटच वाटली पाहिजे, कायदेशीरपणे.

आपल्या मुलांच्या बाबतीत कॉलेज कुठे आहे यावर बरंच अवलंबून आहे. पुण्याच्या सिंबायोसिसने 2024 मध्ये दुबई नॉलेज पार्कमध्ये शाखा उघडली. तिथे ट्राम जवळ, मेट्रो जवळ, त्या मुलांना गाडीची चिंता कमी. बिट्स पिलानीच्या दुबई शाखेची मुलं मात्र शहराच्या कडेला, वाळवंटाला लागून असलेल्या ॲकॅडमिक सिटीत. मेट्रोपासून पुढे बस. विद्यार्थ्यांच्या ‘नोल’ या प्रवास-कार्डावर निम्म्या भाड्यात ती मिळते, पण रात्री प्रयोगशाळेतून उशिरा सुटलेल्याला अर्ध्या भाड्यापेक्षा वेळेवर येणारी बस हवी असते.

तिथे मेट्रो येते आहे. ब्लू लाइन, 30 किलोमीटर, 14 स्थानकं, त्यांतलं एक ॲकॅडमिक सिटीचं. पायाभरणी जून 2025 मध्ये झाली, उद्घाटनाची तारीख ठरली आहे 9 सप्टेंबर 2029. दुबईची पहिली मेट्रो सुरू झाली त्याला त्या दिवशी बरोबर 20 वर्षं होतील. 2025 मध्ये चार वर्षांच्या पदवीला प्रवेश घेतलेला मुलगा त्या उन्हाळ्यातच बॅगा भरून बाहेर पडलेला असेल, तोही बहुधा कुणाच्या तरी कार लिफ्टने.