खालून काय वाजतंय? जुन्या गाडीचा आवाज ओळखताना



आजचा विषय आहे जुन्या गाडीच्या आवाजाचा. तुम्ही म्हणाल, यात बायकांचं काय काम? पण गटाचा माल आठवडी बाजाराला न्यायचा असो, बाळंतिणीला दवाखान्यात पोचवायचं असो, नाहीतर तुळजापूरला जायचं असो, आपल्याकडं अजून कुठं जुनी जीप तर कुठं जुनी फियाट वापरात आहे. गाडीत बसतो आपण आणि दुरुस्तीचे पैसे बऱ्याचदा गटाच्या नाहीतर घरच्या बचतीतून जातात. गॅरेजवर मात्र आपण एवढंच सांगतो, "खालून कायतरी वाजतंय." मग मिस्त्री अंदाजानं खोलायला लागतो. एक क्रॉस बदलून भागलं असतं, तिथं गिअर बॉक्स खाली उतरतो.

या फियाटचं आणि सोलापूरचं जुनं नातं आहे. शेठ वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार व्हायची आणि तीच गाडी पुढं प्रीमियर पद्मिनी म्हणून घराघरांत माहीत झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. हौसेनं जपलेल्या पद्मिनी मात्र अजून चालतात.

पद्मिनी, अँबेसिडर आणि जुनी जीप, तिघींची मांडणी साधारण एकच. इंजिन पुढं आणि जोर मागच्या चाकांना. इंजिनाच्या पाठीमागं क्लच, त्यामागं गिअर बॉक्स. तिथून गाडीच्या पोटाखालून लांब नळी मागं जाते, तो प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या सांध्यात क्रॉस असतात. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी फुगा दिसतो, त्यात डिफ्रन्शियल. शेवटी चाकांचे बेरिंग. बिघाड या साखळीत कुठंतरी असतो.

आता मुख्य गोष्ट. आवाज कसा येतो, यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो, हे आधी बघा. कांडी भरणाऱ्या बाईला पाठ फिरवून बसली तरी माग बिघडल्याचं कळतं, कारण रोजची लय तिच्या कानात बसलेली असते. गाडीलाही तोच कान लावायचा.

पहिली तपासणी उभ्या गाडीत. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा, इंजिन चालू करा. जागेवरच रेस दिल्यावर तोच आवाज वाढत असेल, तर गिअर बॉक्सच्या मागचं सगळं सोडा, आधी इंजिनाकडं बघा. क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पाय दाबला की थांबते, तर संशय गिअर बॉक्सच्या पुढच्या बेरिंगवर. उलट, पाय दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर क्लच बेरिंग.

दुसरी तपासणी चालत्या गाडीत. एकाच गिअरला आवाज येतो का? मग त्या गिअरचे दाते झिजले असतील. चार गिअरच्या गाडीत पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्याला आवाज आणि चौथ्याला शांत, असं असेल तरी दुखणं गिअर बॉक्समध्येच. कारण चौथ्याला जोर सरळ मागं जातो, आतल्या दुसऱ्या शाफ्टवर भार राहत नाही. पण सगळ्या गिअरला आवाज सारखाच आणि गाडीच्या वेगाबरोबर वाढणारा असेल, तर बिघाड मागं आहे.

तिसरं, 'खट्ट' असा ठोका. गाडी उचलताना, किंवा पाय ॲक्सिलरेटरवरून काढून पुन्हा ठेवताना ठोका बसत असेल, तर आधी क्रॉस तपासायला सांगा. क्रॉस कोरडा पडला की सुरुवातीला हळू वेगात चिक-चिक वाजतो. तेव्हाच ग्रीस किंवा नवा क्रॉस मिळाला, तर काम थोडक्यात आवरतं. आपल्या रस्त्यावरची धूळ आणि पावसाळ्यातला काळा चिखल क्रॉसचं ग्रीस लवकर खराब करतात, हे ध्यानात ठेवा. ठराविक वेगाला गाडी थरथरत असेल, तर शाफ्ट वाकलाय का तेही बघायला सांगा.

चौथं, मागून येणारा 'ऊं-ऊं' आवाज. तुळजापूरच्या घाटात हे चांगलं कळतं. चढाला जोर देताना रडतो आणि पाय काढला की बदलतो किंवा थांबतो, तर डिफ्रन्शियलमधले क्राऊन-पिनियन. नुसतं वळणावर वाजतं, तर त्यातलेच छोटे गिअर. खोलायच्या आधी आतलं ऑईल किती आहे ते बघायला लावा. गळून कमी झालेलं ऑईल हे दाते झिजण्याचं मोठं कारण असतं.

पाचवं, चाकाचं बेरिंग. त्याची गुरगुर ॲक्सिलरेटरवर अवलंबून नसते, जोर द्या नाहीतर सोडा, ती चालूच. किंचित डावी-उजवीकडं वळवल्यावर ती कमी-जास्त होते. आणि डांबरी रस्त्यावर एक आवाज, सिमेंटच्या रस्त्यावर दुसरा, असं असेल तर तो बहुधा टायरचा.

मैत्रिणींनो, यातलं कशाला जीवाची भीती? ठोका वाढत चालला आणि सोबत गाडीही हादरायला लागली, तर बाजूला घ्या आणि पुढं जाऊ नका. पुढचा सांधा तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यावर पडून रुतू शकतं आणि गाडी उलटू शकते. गाडीत बाळंतीण असली तरी दुसरी गाडी बोलवा, आहे ती रेटू नका.

अजून एक. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नका. चाकांना दगड नाहीतर ठोकळे लावा आणि खाली भक्कम स्टँड हवेतच. इंजिन चालू असताना खाली वाकायचं नाही. फिरत्या शाफ्टला पदर आणि वेणी ओढायला क्षणही लागत नाही.

गॅरेजला जाण्याआधी एका कागदावर लिहून घ्या: उभी असताना वाजते का? क्लच दाबल्यावर काय होतं? कोणत्या गिअरला वाजते? जोर देताना की सोडताना? सरळ की वळणावर? आवाज पुढून की मागून? शक्य असेल तर मिस्त्रीला शेजारी बसवून एक चक्कर मारा. काढलेला जुना पार्ट परत मागा, हातात घेऊन झीज बघा.

"बाईला गाडीतलं काय कळतंय," असं कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका. शांतपणे सांगा, "चौथ्या गिअरला शांत आहे, तिसऱ्याला वाजते." मिस्त्री जाणता असेल तर तिथनंच कामाला लागेल. नसेल, तर दुसरं गॅरेज बघा.