‘क्षारीय’ म्हणजे नक्की काय? बांधावरचं एक शूटिंग

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण घर श्रीरामपूर तालुक्यात. आजचा किस्सा घरचाच आहे.

आमच्याकडं ऊस वाढला तो प्रवरेच्या कालव्यांवर. भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. पाणी आलं, पैसा आला. पण वर्षानुवर्षं पाणी मुरत गेलं, निचरा झाला नाही, की खालचे क्षार वर येतात. उन्हाळ्यात रान पांढरंफटक दिसतं. आमचं दोन एकर असंच गेलं. कुणीतरी सांगितलं म्हणून पप्पांनी दोन वर्षं त्यात जिप्सम टाकलं. फरक शून्य.

मागं एका हिंदी चॅनेलची टीम ह्याच विषयावर शूटिंगला आली. जागा आमचं रान. बोलायला मृदाशास्त्राचे एक सर. आदल्या दिवशी तेच सर पप्पांना मराठीत इतकं सोपं सांगत होते की मलाही कळलं. पण कॅमेरा चालू झाला, ‘सर, हिंदी में’ म्हणाले, आणि सर एकदम आखडले. ऊन डोळ्यावर, वारा माइकमध्ये, मागून उसाचा ट्रॅक्टर, त्यात लिंग-वचन सांभाळायचं. चार टेक झाले.

आपल्याला वाटतं, शास्त्रज्ञ म्हटल्यावर जमायलाच पाहिजे. जयंत नारळीकरांची ‘ब्रह्मांड’ मालिका हिंदीत होतीच ना? होती. पण ते जन्मले कोल्हापुरात तरी शाळा शिकले बनारसला. हिंदी त्यांच्या अंगणातली. आमच्या सरांची हिंदी म्हणजे सिनेमा आणि रेल्वे.

पाचव्या टेकला सर छान बोलले. ‘यह ज़मीन क्षारीय है, इसमें जिप्सम मत डालिए, पहले पानी का निकास कीजिए.’ सगळे खूश. तेवढ्यात साउंडवाला पोरगा, हरियाणाचा, हेडफोन काढून म्हणाला, ‘सर, हमारे यहाँ तो क्षारीय में जिप्सम ही डालते हैं.’

सर दोन सेकंद गप्प. मग कपाळाला हात लावला.

भानगड अशी. मराठीत क्षारयुक्त जमीन म्हणजे जिच्यात विरघळणारे क्षार जास्त. पांढरा थर येतो ती. उपाय काय, तर चर काढा, निचरा करा, चांगल्या पाण्यानं क्षार धुवा. दुसरी ती चोपण. तिच्यात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. सामू साडेआठच्या वर. भिजली की चिकट, वाळली की दगड. तिथं जिप्सम लागतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हटवतं, मग तो पाण्याबरोबर निघून जातो.

आता हिंदीत बघा. आपली क्षारयुक्त ती त्यांची ‘लवणीय’. आणि आपली चोपण ती त्यांची ‘क्षारीय’. शब्द सारखा वाटतो, अर्थ नेमका दुसऱ्या जमिनीचा. कर्नालच्या संस्थेच्या नावातसुद्धा ‘मृदा लवणता’ आहे. म्हणजे सरांचं वाक्य तसंच गेलं असतं, तर ज्याला जिप्समची खरी गरज, त्यालाच टीव्हीवरून ‘टाकू नका’ असा सल्ला मिळाला असता.

आमच्या कामात असं होतं. दोन मॉड्यूलमध्ये व्हेरिएबलचं नाव एकच, अर्थ वेगळे. प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही, उत्तर मात्र चुकीचं. एरर आलेली परवडते. हिंदी अडखळली तर लोक हसतील फार तर. सहज निघालेला चुकीचा शब्द कुणाला दिसतच नाही.

उजेड चालला होता, डायरेक्टर वैतागला होता. ‘सर, चलेगा, बाद में देख लेंगे.’ सर म्हणाले, ‘नाही चलेगा.’ अर्धं मराठी, अर्धं हिंदी. सहावा टेक झाला. ‘लवणीय’ म्हणताना त्यांनी वाकून पांढरी माती हातात घेतली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. हिंदी तितकीच मोडकी होती. पण आता चूक होणं अवघड होतं.

जाताना पप्पांनी विचारलं, ‘मंग सर, आमचं जिप्सम वायाच गेलं म्हणायचं?’ सर म्हणाले, ‘गेलं. पण आधी माती तपासायची होती ना दादा.’ पप्पा काही बोलले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चर खोदले.

तुमच्या रानाची माती तपासली नसेल तर तपासून घ्या. सामू आणि विद्युत वाहकता, दोन्ही आकडे बघा. आणि दुसऱ्या भाषेत बोलताना जो शब्द अगदी ओळखीचा वाटतो ना, तो एकदा कुणाला तरी विचारा. साउंडवाल्याला विचारलं तरी चालेल.

भेटू पुढच्या भागात.