रिकाम्या महिन्यांत संघ बांधताना

(पुण्यात झालेल्या स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात, वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवणाऱ्या एका मैत्रिणीने केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



‘मुली आणि खेळ’ यावर बोला असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. मला भाषणाची सवय नाही, मैदानावर ओरडायची आहे. मग ठरवलं की सरळ वहीच घेऊन जावं. ही ती वही. हिच्यात आमच्या १८ वर्षांखालच्या मुलींच्या संघाची दरवर्षीची यादी आहे. दर यादीत बारा नावं. कुठलं नाव कधी खोडलं आणि का खोडलं, तेही बाजूला लिहिलेलं आहे. आज मी त्या खोडलेल्या नावांबद्दल बोलणार आहे.

पावसाळा ओसरला की जिल्ह्याच्या निवड चाचण्या होतात, मग राज्य स्पर्धा, मग राष्ट्रीय. शिट्टी, गणवेश, पेपरात फोटो, हे सगळं त्या काही महिन्यांतलं. पण संघ तेव्हा तयार होत नाही. तो होतो मार्च ते ऑगस्टमध्ये, सामने जवळजवळ नसतात तेव्हा. वार्षिक परीक्षा, मे महिन्याची सुट्टी, लग्नसराई, शाळा उघडणं, पालखी, पाऊस. मी त्यांना रिकामे महिने म्हणते. माझं सगळ्यात जास्त काम त्याच महिन्यांत असतं आणि त्यातलं निम्मं मैदानाबाहेर असतं.

तुमच्यातल्या पुष्कळजणी शाळेत खो-खो खेळल्या असाल. तरी थोडं सांगते, म्हणजे मला कशा मुली लागतात ते कळेल. संघात बारा, त्यातल्या नऊ मैदानात. आक्रमण असतं तेव्हा आठजणी मधल्या पाटीवर एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. पळणारीला मात्र कुठूनही कुठेही जायची मुभा. म्हणून पाठलाग करणारीचं एकटीच्या वेगाने भागत नाही, बसलेल्यांनी वेळेवर उठावं लागतं. पाठीवर हात पडला आणि ‘खो’ ऐकलं की त्या क्षणाला. संरक्षणाला तिघी-तिघींची तुकडी उतरते. पहिल्या तुकडीत मला डोकं शांत ठेवणाऱ्या हव्यात, साखळी खेळून वेळ काढणाऱ्या. आक्रमणात दोन्ही खांबांवर बिनधास्त सूर मारणाऱ्या दोघी तरी हव्यातच, आणि त्या एका वर्षात तयार होत नाहीत. सूर मारायला शिकणं म्हणजे आधी पडायला शिकणं. आपल्या मुलींना लहानपणापासून ‘पडशील, जपून’ एवढंच ऐकायची सवय असते. त्यामुळे खांबावरची मुलगी गेली की तिची जागा भरायला मला दोन उन्हाळे लागतात.

आता मागच्या वर्षीची यादी. बारापैकी सातजणी गेल्या. तिघींना १८ पूर्ण झाली, त्या मोठ्या गटात गेल्या. ते रास्तच आहे, त्याचं मला दुःख नाही. राहिल्या चार. एकीचं दहावीचं वर्ष, म्हणून खेळ बंद. तिचा भाऊही दहावीतच होता, जुळी भावंडं, त्याचं क्रिकेट चालू राहिलं. दुसरीच्या आईला पोळ्या लाटायचं काम मिळालं, धाकटीला सांभाळायला घरी कुणी नाही. तिसरीला सुट्टीत गावाला पाठवलं, ती परत आलीच नाही. चौथीचं लग्न ठरलं. तिच्याबद्दल पुढे सांगते.

आमच्या बाजूच्या मैदानावर मुलांचा संघ आहे. तिथले सर भले माणूस, माझे चांगले मित्र. एप्रिलमध्ये आम्ही दोघं चहा पीत आपापल्या याद्या करतो. त्यांच्या वहीत कारणं काय? वय पूर्ण, गुडघा, नोकरी. माझ्या वहीत गुडघा क्वचित. एकदा त्यांनी माझी वही चाळली आणि म्हणाले, “बाई, ही खेळाडूंची यादी आहे का रेशनकार्डाची?” ते हसण्यावारी बोलले, पण बरोबर बोलले. माझ्या वहीत घरातली माणसं किती, पाणी किती वाजता येतं, आजी आहे का, वडील दारू पितात का, हे सगळं लिहिलेलं असतं. ते माहीत नसेल तर कुठली मुलगी टिकेल हे मला सांगता येणार नाही.

मुलींना या खेळात उशिरा घेतलं, असं म्हणावं तर तसंही नाही. ज्या खेळाचे नियम इथे आपल्याच शहरात, डेक्कन जिमखान्यावर, १९१४ साली पहिल्यांदा बांधले गेले, त्याची पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा विजयवाड्याला १९५९-६० मध्ये भरली आणि बायकांची लगेच पुढच्या वर्षी कोल्हापूरला. एका वर्षाचंच अंतर. महाराष्ट्राच्या मुलींनी तर मैदान गाजवलंय. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, आणि कर्णधार होती आपल्याच महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच दोन-तीन वडील आपण होऊन मुलीला घेऊन मैदानावर आले. मला केवढा आनंद झाला! पण त्यातली एकच मुलगी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहिली. सुरुवातीला मुली येतात हो. टिकत नाहीत. पंधरा-सोळाव्या वर्षी, नेमकी खेळाची समज येते तेव्हाच हातातून निसटतात.

म्हणून नव्या मुली शोधताना मी नुसता वेग बघत नाही. महापालिकेच्या शाळांत जाते, मधल्या सुट्टीत कोपऱ्यात उभी राहते. लपाछपी, पकडापकडी खेळताना कोण हुलकावणी देते ते बघते. घड्याळ लावून पळवलं की बूट असलेली मुलगी पुढे येते. हुलकावणी बूट नसलेलीलाही येते. शिवाय बारा जागांसाठी मी वीस मुली धरते, कारण रिकाम्या महिन्यांत किती गळणार हे मला ठाऊक असतं. आणि बारा-तेरा वर्षांच्या चार-पाच जणी मोठ्यांबरोबर रोज बसवते. त्या आत्ता खेळणार नाहीत, दोन वर्षांनी खांबावर लागतील.

मग मे महिन्यात घरोघर. सकाळी जायचं नाही, पाणी भरायची वेळ असते. दुपारी बाया कामावरून येऊन जरा टेकतात, तेव्हा जायचं. आधी आजीशी बोलायचं. आजी वळली की निम्मं काम झालं. कित्येक आज्या स्वतः शाळेत खेळलेल्या असतात आणि ते घरात कुणाला माहीतही नसतं. प्रश्न ठरलेले. अंधार पडल्यावर घरी कोण सोडणार? चड्डी घालावी लागते का? उन्हात काळी पडली तर? पाळी आली असेल तर? परगावी राहायला कुठे, बरोबर बाईमाणूस कोण? हे प्रश्न मागासलेले म्हणून मी उडवून लावत नाही, पूर्वी लावायची. ‘अंधारात कोण सोडणार’ हा अगदी खरा प्रश्न आहे. आम्ही सरावाची वेळ साडेचार ते सव्वासहा केली, दोन-दोन घरं मिळून मुली बरोबर जातील अशा जोड्या लावल्या, तर तेवढ्यानेच चारजणी परत आल्या. खेळ तोच, शिकवणारीही तीच. गळती वेळेमुळे होत होती.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड वाटायची, आता वाटत नाही. मैदानावर संडास नव्हता. मुलांचं भागतं. आमच्या मुली दुपारपासून पाणीच प्यायच्या नाहीत. मे महिन्यात! दोघी चक्कर येऊन पडल्या, तेव्हा कुठे मला कळलं. शेजारच्या एका बाईंनी आपल्या घराचं दार उघडं ठेवलं म्हणून आमचा संघ उभा राहिला, नगरपित्यांमुळे नाही. आणि खाणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. त्याच घरातल्या मुलींना मी पळायला लावते. म्हणून आता सरावाआधी शेंगदाणे-गूळ, आठवड्यातून दोनदा उकडलेली अंडी, आणि सुट्टीत प्रत्येकीचं रक्त तपासून घेणं. वर्गणी काढतो. रक्त फारच कमी असेल तर तिला महिनाभर पळायला लावत नाही, पण बसवते मात्र पाटीवरच. तिची जागा तिला दिसत राहिली पाहिजे.

ही अक्कल मला पहिल्यापासून नव्हती. एका वर्षी मी एका मुलीचं नाव खोडलं. सलग दहा दिवस गैरहजर. शिस्त म्हणजे शिस्त, असं म्हणाले आणि सगळ्यांसमोर म्हणाले. नंतर कळलं की तिची आई बाळंत झाली होती आणि घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. निरोप द्यायला तिच्याकडे फोनही नव्हता. मी माफी मागायला गेले. तिने चहा दिला, नीट बोलली, पण मैदानावर पुन्हा आली नाही. त्या वहीत तिच्या नावापुढे माझ्याच अक्षरात ‘बेशिस्त’ लिहिलेलं आहे. ते पान मी फाडलेलं नाही.

आता यादी करणाऱ्याच्या हातात काय असतं, ते बोलायलाच हवं. बारा नावं मी लिहायची, म्हणजे वीस मुलींचं वर्ष माझ्या मुठीत. प्रमाणपत्र मिळालं तर दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण. गरीब घरातल्या मुलीला ही यादी म्हणजे नुसता खेळ नाही. म्हणूनच ‘सर म्हणतील तसं’ असं चालत राहतं. २०२३ मध्ये कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा आपण मोर्चे काढले. ते योग्यच होतं. पण आपापल्या गल्लीतल्या मैदानावर निवड कोण करतं, कुठे बसून करतं, हे आपण जाऊन पाहिलं का? २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात क्रीडा संस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा यांना कामाचं ठिकाण मानलं आहे. १८ वर्षांखालच्या मुलींसाठी २०१२ चा पोक्सो आहे. कायदे आहेत, मैदानावर त्यांची माहिती देणारं कुणी नाही.

आम्ही आमच्यापुरतं असं केलं. निवड तिघांनी करायची, त्यात एक बाई आमच्या मंडळाबाहेरची. चाचणी उघड्यावर, पालकांसमोर. जिचं नाव आलं नाही तिला कारण लिहून द्यायचं. मुलीला एकटीला कुणीही घरी किंवा ऑफिसात ‘निवडीबद्दल बोलायला’ बोलवायचं नाही. मी पण नाही.

आणखी एक. चांगली मुलगी दिसली की दुसरी मंडळं तिला ओढायला येतात. बूट देतो, प्रवासखर्च देतो म्हणतात. येऊ देत, तिला बरं मिळत असेल तर तिने जावं. पण बोलणी होतात तिच्या वडिलांशी. एकदा एका मुलीला ती दुसऱ्या मंडळात गेल्याचं दोन दिवसांनी कळलं. मला ते ऐकून बघण्याच्या कार्यक्रमाचीच आठवण झाली. आता आम्ही नियम केला आहे. पालकांची सही लागतेच, पण त्याआधी मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहायचं, मी कुठे खेळणार आणि का.

त्या चौथीचं सांगायचं राहिलं. सोळा पूर्ण, सतरावं लागलेलं, उजव्या खांबावरची माझी सर्वांत चांगली मुलगी. एप्रिलमध्ये यायची बंद झाली. घरी गेले तर हळदीची तयारी. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या बायकांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं होतं. मला वाटायचं ते आकडे लांब कुठल्या तरी तालुक्यातले. तुमच्यातल्या दोघी तेव्हा माझ्याबरोबर आल्या, त्या इथे बसल्या आहेत. १०९८ ला फोन केला, वडिलांना कायदा समजावला, रडारड झाली, शिव्या खाल्ल्या. लग्न थांबलं. अठरापर्यंत करणार नाही असं लिहून दिलं. पण तिला मैदानावर पाठवायचं बंद केलं, खेळामुळेच हे सगळं चव्हाट्यावर आलं म्हणून. ती आता शिवणक्लासला जाते. रस्त्यात भेटली की माझ्याकडे बघून हसते आणि पुढे जाते. आपण जिंकलो की हरलो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिच्या जागी तेरा वर्षांची एक पोरगी सूर मारायला शिकते आहे, अजून डोळे मिटते.

तर आजची यादी अशी आहे. नऊ नावं पक्की. तीन जागांसाठी अकरा मुली, त्यातल्या चौघींच्या घरी अजून होकार नाही. मला तुमच्याकडून व्याख्यान नको, पैसेही आत्ता नकोत. या चार घरी दुपारी तीनच्या सुमाराला माझ्याबरोबर यायला दोघी-दोघी हव्या आहेत, शक्यतो त्याच वस्तीत काम करणाऱ्या. आणि निवड चाचणी पुढच्या शनिवारी साडेचारला आहे, तिला बाहेरच्या बाई म्हणून कुणीतरी बसायला हवी. खो-खो येत नसेल तरी चालेल, सुरुवातीला मी सांगेन. टोपी आणा, आमच्या मैदानाला सावली नाही. नावं या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, मी ती फिरवते आहे.