एका कुशीचं दुखणं
(जिल्हा बैठकीतील भाषण)



गावोगाव बैठकांना जातो तिथं एक तक्रार हमखास कानावर येते, ‘एक बाजू धरली आहे.’ कशानं, विचारलं तर उत्तर ठरलेलं : उसण भरली. मग चोळणं, शेकणं, मेडिकलवरची गोळी, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठीवर पंप.

आम्ही शेतकी शिकलेली माणसं, डॉक्टर नव्हे. पण पऱ्हाटीचं पान लाल पडलं की सगळ्यालाच लाल्या म्हणून आपण मोकळे होतो का? जाणता शेतकरी पान उलटून पाहतो. तुडतुडे आहेत, मॅग्नेशियम कमी पडलं, नत्र कमी पडलं, की पाणी साचलं? रंग एक, कारणं चार, आणि चारांचे उपाय वेगळे. कुशीच्या दुखण्याचंही तसंच आहे.

उसण असते, नाही असं नाही. पंपाचा दांडा दिवसभर एकाच हातानं मारला की तीच बाजू धरणार. वाकलं, वळलं, तिथंच बोट दाबलं की दुखतं. स्वस्थ पडलं की कमी होतं. ताप नाही, उलटी नाही. चार-आठ दिवसांत हे उतरतं. त्यावर जास्त बोलायला नको.

बोलायचं आहे ते मुतखड्यावर. आपला मुलूख कोरडवाहू आणि ऊन असं, की अंगातलं पाणी घामावाटेच जातं. लघवी घट्ट होते आणि क्षार जमून खडा धरतो. मग एके रात्री पाठीमागून, बरगडीच्या खालून कळ निघते आणि जांघेकडे उतरते. कळ लाटेसारखी येते-जाते. माणूस तळमळतो, एका जागी बसवत नाही. लघवी लालसर होते. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुतेक वेळा आपणहून पडतो. पण त्याबरोबर थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण मूत्रपिंड सडू शकतं. बिअर प्या म्हणजे खडा पडतो, हे सांगणारे गावात पुष्कळ. तो उपाय नव्हे, निमित्त आहे! दूध तोडायचीही गरज नसते. मीठ कमी करा आणि दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. उन्हात राबणाऱ्याला त्यासाठी तीन-चार लिटरही पुरत नाही. आणि मायबहिणींनो, वावरात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणं, हे तुमच्या दुखण्याचं एक मूळ आहे. त्यात लाज तुमची नाही. आडोसा करून देणं वावराच्या मालकाचं काम आहे.

आता उजवी बाजू. दुखणं बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलं, जेवण नकोसं झालं, उलटी झाली, बारीक ताप आला, तर अपेंडिक्सची शंका घ्या. खड्याचा रोगी तळमळतो, हा मात्र निपचित पडतो. बैलगाडीचा एक धक्का बसला तरी त्याला कळ येते. अशा माणसाला एरंडेल पाजू नका, पोट चोळू नका. आणि फार दुखत असलेलं एकदम थांबलं तर बरं वाटलं म्हणून घरी ठेवू नका. आतडं फुटलं तरी काही वेळ तसं होतं. उजव्या बरगडीखाली, तळलेलं खाल्ल्यावर उठून खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारी कळ बहुतेक पित्ताशयातल्या खड्यांची.

एका बाजूला पट्ट्यासारखी आग होते, कापड टेकवत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी पुरळ-फोड उठतात, ती नागीण. तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस जातो, ही भीती खोटी. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचाच विषाणू मणक्याजवळच्या मज्जातंतूत दडलेला असतो. तो एकाच बाजूच्या तंतूतून उतरतो, म्हणून सहसा अंगाचा मध्य ओलांडत नाही. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत गोळी सुरू झाली तर चांगला गुण येतो. डोळ्याजवळ उठली तर त्याच दिवशी दाखवा.

श्वास घेताना बरगडीत टोचतं, ताप आहे, खोकला आहे, तर फुफ्फुस तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी द्या. क्षयाचं निदान आणि औषध तिथं मोफत आहे. छातीत डावीकडे किंवा मधोमध दाब, हात-जबड्यात कळ, दरदरून घाम, हे आम्लपित्त समजून सोडा पीत बसू नका, १०८ ला फोन करा. आणि एक बाजू दुखत नाही पण लुळी पडली, तोंड वाकडं झालं, तर त्यालाही १०८ च. तिथं तासांचा नव्हे, मिनिटांचा हिशेब असतो.

बायकांचं एक दुखणं घरात बोललं जात नाही. पाळी चुकलेली आहे, ओटीपोटात एका बाजूला एकदम कळ आली, चक्कर येते, तर गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते. आतल्या आत रक्त जातं, बाहेर फारसं दिसतही नाही. सासूनं, नवऱ्यानं तिथं ‘सकाळी पाहू’ म्हणायचं नाही.

पेरणीच्या दिवसांत दवाखाना म्हणजे बियाण्याचे पैसे मोडणं, हे आम्ही जाणतो. म्हणूनच निघताना रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, पैसे भरण्याआधी त्याला गाठा. डॉक्टरला एवढं सांगा : दुखणं केव्हा उठलं, कुठून कुठं सरकलं, हलल्यानं वाढतं की हलल्याशिवाय राहवत नाही, लघवी कशी होते. त्या दिवशी फवारणी केली असेल तर औषधाचा डबाही बरोबर न्या.