भाषा शिकणे म्हणजे समाज शिकणे

(नाशिक येथे कला शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



‘कला शाखेला जाऊन पुढे काय करणार?’ हा प्रश्न आपणांपैकी अनेकांना घरी ऐकावा लागला असेल. मलाही ऐकावा लागला होता. तेव्हा मी गप्प बसलो. आज उत्तर देतो. मात्र त्यासाठी माझीच एक चूक सांगावी लागेल.

पत्रकारितेतील उमेदवारीची वर्षे होती. निफाड तालुक्यात शेताच्या बांधावरून झालेल्या मारामारीची बातमी इंग्रजीतून हाती आली. आरोपी हा जखमीचा ‘कझिन’ आहे, असे तीत म्हटले होते. मी बेधडक ‘चुलतभाऊ’ लिहिले आणि मथळ्यात ‘भाऊबंदकी’ घातली. दुसऱ्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ कार्यालयात आले. म्हणाले, “साहेब, तो माझ्या मुलाचा मावसभाऊ. आमच्या जमिनीत त्याचा वाटा कसला? तुम्ही आमच्या घरात वाटणीचं भांडण लावलंत.” शब्दकोशाच्या दृष्टीने माझे भाषांतर चूक नव्हते, समाजाच्या दृष्टीने ते असत्य होते.

इंग्रजीतील त्या एका शब्दासाठी मराठीत चुलत, आते, मामे आणि मावस अशी चार नाती आहेत. हा केवळ शब्दसंपत्तीचा प्रश्न नव्हे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत मामाच्या मुलीशी विवाह संमत असतो, चुलत्याच्या मुलीशी निषिद्ध. समाज जो भेद पाळतो, तो भाषा जपून ठेवते. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेसंबंधांवरील १९५३ सालच्या आपल्या ग्रंथात निरनिराळ्या भाषांतील नातेवाचक शब्दांच्या आधारेच समाजरचनेचा शोध घेतला. त्यांचे गुरू डॉ. गो. स. घुर्ये हे मूळचे संस्कृतचे विद्यार्थी. भाषेकडून समाजशास्त्राकडे जाणारी वाट आपल्याच माणसांनी घालून दिलेली आहे.

असे असता मराठी, इंग्रजी आणि समाजशास्त्र हे विषय आपण तीन बंद खोल्यांत का शिकतो? इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारणे कमीपणाचे का वाटते? गाईडमधील उत्तरे पाठ करून पदवी मिळते, पण आजीशी झालेले संभाषण इंग्रजीत सांगता येत नाही. ते सांगण्याचा प्रयत्न केला, तर दोन्ही भाषा आणि आपले घर, तिन्ही नव्याने उमगतात.

याच नाशिकच्या हं. प्रा. ठा. महाविद्यालयात शिकलेल्या कुसुमाग्रजांनी शेक्सपिअरचा ‘मॅकबेथ’ ‘राजमुकुट’ या नावाने मराठीत आणला. विंदा करंदीकरांनी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले आणि ‘राजा लिअर’ मराठीला दिला. इंग्रजीवरील प्रभुत्वासाठी स्वभाषा सोडावी लागत नाही, याची ही साक्ष आहे.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण आनंद साजरा केला, ते योग्यच झाले. आता अभ्यास करू या. येत्या सुट्टीत आपल्या गावातील नात्यांचे, शेतीचे, सणांचे शंभर शब्द वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. त्यांपैकी प्रत्येकाचा अर्थ परक्याला कळेल अशा दोन इंग्रजी वाक्यांत मांडा. कोणता शब्द अडतो, ते पाहा. तो जेथे अडेल, तेथूनच आपले समाजशास्त्र सुरू होते.

आणि घरी पुन्हा तो प्रश्न आला, तर माझ्यासारखे गप्प बसू नका. ‘आपला समाज नीट वाचायला आणि जगाला नीट सांगायला शिकतो आहे,’ असे ताठ मानेने सांगा.