ताटावरची अट

(परदेशी शिकायला निघालेल्या मुली व त्यांचे पालक यांच्या बैठकीत केलेले भाषण)



मुलींच्या बॅगांत काय काय भरले आहे ते मघाशी विचारून घेतले. मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, एकीच्या बॅगेत सुकट. जरूर भरा. ब्रिटनला जाणारीने तूप आणि खव्याची मिठाई तेवढी काढून ठेवावी. दुधाचे पदार्थ आणि मांस इथून तिथे नेता येत नाही. सुकटीला ती बंदी नाही.

पण वजनकाट्यावर न दिसणारी एक गोष्ट बरोबर जाते, ती म्हणजे ताटावरची अट. मला तिच्याबद्दल बोलायचे आहे.

मुलग्यांना अट नसते असे नाही. १८८८ साली गांधीजी लंडनला निघाले तेव्हा मांस, मद्य आणि स्त्रीसंग वर्ज्य करण्याचे वचन त्यांनी आईला दिलेच होते. पण ते घरात दिलेले वचन. आनंदीबाई जोशींना जाहीर सभेत ग्वाही द्यावी लागली. २४ फेब्रुवारी १८८३ ला बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजात, अठरा वर्षेही पूर्ण न झालेली ही मुलगी आपण अमेरिकेला का जातो याचा खुलासा करायला उभी राहिली. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. चालीरीती, पोशाख, अन्न बदलणार नाही, असे तिने सांगितले. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीकडून समाजाला आधी तिच्या जेवणाचा हिशेब हवा होता! फिलाडेल्फियाच्या थंडीत पोशाखाला थोडी मुरड घालता आली. नऊवारी सोडून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. जेवणाला मुरड घातली नाही. १८८६ मध्ये पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. क्षयाने गेल्या, जेवणामुळे गेल्या असे म्हणणे चूक ठरेल. पण त्या शरीराला काय हवे हे ठरवायला त्या मोकळ्या नव्हत्या, एवढे तर म्हणता येईल ना?

१८८३ मध्येच पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे त्यांनी धर्म बदलला, पण शाकाहार सोडला नाही. नव्या धर्माच्या मंडळींपैकी काहींना ते खटकले, तरीही नाही. मला हे उदाहरण फार आवडते. ताट जुनेच, पण निर्णय स्वतःचा. म्हणून मी तुम्हाला मांस खा असे सांगणार नाही, आणि खाऊ नका असेही नाही.

ही अट नुसती आईची नसते, जातीचीही असते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर गेलेल्या मुलीने परदेशात खोली शोधावी, आणि आपल्याच देशातल्या विद्यार्थ्यांनी जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी’ लिहावे, याला आवडनिवड म्हणून सोडून देऊ नका. सुकटीचा वास गोऱ्या शेजाऱ्याच्या आधी आपल्याच माणसांना येतो.

दुसरे, स्वयंपाक कोण करणार? चार भारतीय विद्यार्थी एक घर घेतात, आणि दुसऱ्या आठवड्यात मुलीला कळते की आपण चौघांच्या पोळ्या लाटतो आहोत. ‘तुला येतात ना,’ एवढेच कारण. मुले भांडी घासतील म्हणतात, तीही सिंकमध्ये तशीच राहतात. प्रबंध लिहायचा कधी? पहिल्याच दिवशी पाळ्या लिहून फ्रिजवर चिकटवा. ज्याला पोळी येत नाही त्याने भात लावावा.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती चवीपेक्षा मोठी आहे. डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात लंडनचे दिवस वाचा. घरमालकिणीचे अपुरे जेवण, आणि रात्री अभ्यासाला बसताना भाजलेले पापड आणि कपभर दूध. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की आजही मुली पाव आणि चहावर महिना काढतात, आणि फोनवर ‘इथलं जेवण जात नाही’ म्हणतात. आईवडिलांनो, हे वाक्य ऐकलेत की लोणचे पाठवण्याआधी खात्यात पैसे आहेत का ते विचारा. आपल्याकडच्या कितीतरी मुली मुळातच अंगात रक्त कमी असताना जातात. त्यात जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातले लोह अंगी कमी लागते. डब्यातला राजमा आणि छोले, मसूर, गोठवलेला पालक, अंडी चालत असतील तर अंडी, हे सगळे तिथे साध्या दुकानात मिळते आणि तयार जेवणापेक्षा स्वस्त पडते. ओट्सची खीर गळ्याखाली उतरत नसेल तर कांदा-मिरची घालून उपमा करा, चांगला होतो. वसतिगृहात फोडणी देताना मात्र खिडकी उघडा आणि दार लावा. धुराची घंटा वाजली की सगळी इमारत रस्त्यावर येते, आणि कारण तुमची मोहरी!

घरी काय खाल्ले ते सांगायचे की नाही, हा ज्या मुलींचा प्रश्न आहे, त्यांनी चहानंतर थांबावे. पालकांनी त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावे, ही विनंती.